छातीतली जळजळ : एका जुन्या दुखण्याचा इतिहास



आपल्या मराठीत ‘पित्त’ हा शब्द मोठा राबता आहे. अंगावर गांधी उठल्या की आपण म्हणतो, ‘पित्त उठलं’, आणि आमसुलाचं पाणी चोळतो. एखादा माणूस रागाने लाल झाला की म्हणतो, ‘त्याचं पित्त खवळलं’. आणि जेवणानंतर छातीच्या मधोमध आग पडली, घशाशी आंबट पाणी आलं, की तेव्हाही ‘पित्त झालं’ असंच म्हणतो. गोष्टी तीन, शब्द मात्र एकच.

आज बोलायचं आहे ते या तिसऱ्या पित्ताविषयी. डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात, तो रस यकृतात तयार होतो, हिरवट-पिवळा असतो आणि लहान आतड्यात उतरतो. घशाशी आंबट पाणी येतं ते बहुतेक वेळा हे पित्त नसतंच. ते असतं जठरातलं आम्ल. जठर म्हणजे खाल्लेलं अन्न जिथे साठतं ती पोटातली पिशवी, आणि घशापासून तिथपर्यंत अन्न नेणारी नळी ती अन्ननलिका. हे आम्ल कुठून येतं, कशासाठी येतं आणि वर का चढतं, हे तीन प्रश्न. पहिल्या दोहोंची उत्तरं मिळायला एकोणिसावं शतक उजाडलं. तिसऱ्याचं उत्तर तर त्याहूनही अलीकडचं आहे. मधल्या काळात लोकांनी नाना उपाय केले. त्यांतले काही चांगले होते, काही फसवे होते, आणि काही फसवे उपाय आपल्या घरांत अजून चालू आहेत. म्हणून हा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

आपल्याकडच्या वैद्यांनी हे दुखणे फार पूर्वी ओळखले होते. चरकसंहितेत पोटाचे तीन भाग कल्पिले आहेत. एक घट्ट अन्नाला, एक पातळ पदार्थांना आणि एक वात-पित्त-कफांच्या हालचालीला मोकळा ठेवावा, असे सांगितले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात चार भाग केले आहेत : दोन अन्नाचे, एक पाण्याचा आणि एक वाऱ्यासाठी रिकामा. काश्यपसंहिता हा बालरोगांसाठी प्रसिद्ध असलेला ग्रंथ. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून तो १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेला. त्यात अम्लपित्तावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्या अध्यायात एक दृष्टांत आहे. दह्याच्या भांड्यात ताजे दूध ओतले तर ते जसे आंबून जाते, तसे बिघडलेल्या पोटात पडलेले अन्नही आंबते. घरी विरजण लावणाऱ्या कोणत्याही माउलीला चटकन पटावं असं हे बोलणं आहे. पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने आपल्या माधवनिदानात या रोगाचे दोन प्रकार सांगितले : ऊर्ध्वग म्हणजे वर चढणारा आणि अधोग म्हणजे खाली जाणारा.

म्हणजे पाहा, पोट गच्च भरू नये आणि आंबलेला रस वर चढतो, या दोन्ही गोष्टी आपल्या जुन्या वैद्यांच्या नजरेला आल्या होत्या. पण जिवंत माणसाच्या जठरात डोकावून पाहण्याची सोय त्यांच्यापाशी नव्हती. ती जगात कुठेच नव्हती.

युरोपातल्या विद्वानांपुढेही तेच कोडे होते. पोटात अन्नाचे होते तरी काय? कोणी म्हणे, जठर जात्यासारखे अन्न दळते. कोणी म्हणे, अंगच्या उष्णतेने ते शिजते. कोणी म्हणे, ते नुसते कुजते. १७५२ साली रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने यावर एक नामी युक्ती केली. त्याने एक शिकारी पक्षी पाळला होता. असे पक्षी हाडे-पिसे वगैरे न पचणाऱ्या वस्तू गोळा करून परत तोंडावाटे टाकतात. रेओम्यूरने धातूच्या बारीक नळीत मांसाचा तुकडा ठेवला, नळीच्या टोकांना जाळी लावली आणि ती नळी पक्ष्याला गिळायला लावली. जठर जर जाते असेल, तर नळीतल्या मांसाला धक्का लागायला नको. पण नळी परत आली तेव्हा आतले मांस पुष्कळसे विरघळून गेले होते! म्हणजे जठरात अन्न विरघळवणारा रस आहे, हे ठरले. पुढे स्पालांझानी या इटलीतल्या धर्मगुरूने कापडाच्या छोट्या पिशव्यांत अन्न शिवून त्या स्वतः गिळल्या आणि माणसाच्या पोटातही तेच घडते हे दाखवले.

हा रस आंबट असतो हे कळले होते, पण हे आंबट म्हणजे नेमके काय? लिंबातले, ताकातले, की चिंचेतले? १८२३ च्या डिसेंबरात विल्यम प्राउट या डॉक्टरने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे उत्तर मांडले. मिठापासून जे जळजळीत आम्ल काढतात, ज्याला हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतात, तेच जनावरांच्या जठरात असते. लोकांना हे पटायला जड गेले. लोखंड खाणारे आम्ल जिवंत प्राण्याच्या पोटात कसे राहील? ते पोटालाच कसे खात नाही?

याचा उलगडा व्हायला एक अपघात कारण झाला. त्याची हकीकत जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर ह्यूरॉन नावाचे मोठे सरोवर आहे. तिथे मॅकिनॅक नावाचे बेट आहे. त्या काळी तिथे केसाळ कातड्यांचा मोठा व्यापार चाले. कॅनडातले गरीब फ्रेंच तरुण होड्या वल्हवून हा माल आणीत. अलेक्सिस सेंट मार्टिन हा त्यांतलाच एक. ६ जून १८२२ या दिवशी कंपनीच्या दुकानात कोणाच्या तरी हातून बंदूक चुकून उडाली. अलेक्सिस अगदी जवळ उभा होता. छर्रे डाव्या कुशीत शिरले, बरगडी मोडली आणि जठराला भोक पडले. बेटावरच्या लष्करी ठाण्यात विल्यम बोमाँट नावाचा सर्जन होता, तो धावत आला. हा पोरगा जगेल असे त्यालाही वाटले नाही. पण अलेक्सिस जगला. जखम भरली, मात्र भोक बुजले नाही. जठराची कड कातडीला चिकटून तिथे कायमची एक खिडकी राहिली. पुढे आतल्या बाजूने एक पडदा वाढला आणि त्याने ती खिडकी झाकली. बोटाने पडदा बाजूला सारला की आतले जठर दिसे.

अलेक्सिसचे हातावर पोट. आता त्याच्याने होडी वल्हवणे होईना. गावाने त्याचा खर्च चालवायचे नाकारले, तेव्हा बोमाँटने त्याला आपल्या घरी नेले. त्याने त्याची शुश्रूषा केली आणि त्याला घरकामालाही ठेवले. आणि मग त्याच्या ध्यानात आले, की जगातल्या कोणत्याही वैद्याला जे पाहायला मिळाले नाही, ते आपल्यासमोर उघडे आहे.

१ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी बारा वाजता बोमाँटने रेशमाच्या दोऱ्याला मांसाचे निरनिराळे तुकडे, शिळ्या पावाचा तुकडा आणि कच्ची कोबी बांधून ते सगळे भोकातून जठरात सोडले. दर तासाला तो दोरा बाहेर काढून काय विरघळले ते पाही. कोबी आणि पाव लवकर विरघळले, काही मांसे तशीच राहिली. काही तासांनी अलेक्सिसला अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा तो प्रयोग थांबवावा लागला. असे दोनशेहून जास्त प्रयोग बोमाँटने काही वर्षांच्या अवधीत केले आणि १८३३ साली त्यावर पुस्तक लिहिले. जठराचा रस काढून त्याने तो रसायनशास्त्रज्ञांकडे तपासायला पाठवला, आणि त्यात तेच हायड्रोक्लोरिक आम्ल सापडले. प्राउटचे म्हणणे खरे ठरले.

बोमाँटला त्या खिडकीतून आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे हा रस जठरात नेहमी भरून ठेवलेला नसतो. अन्न आले की जठराच्या अस्तरातून तो पाझरू लागतो. आणि दुसरे असे, की अलेक्सिस रागावला किंवा घाबरला की जठराचे अस्तर लाल, कोरडे होई, रस नीट पाझरत नसे, आणि एरवी जठरात क्वचितच दिसणारे खरे हिरवे पित्त अशा वेळी तिथे दिसे. ‘पित्त खवळलं’ असं आपण म्हणतो, त्याचा नमुनाच जणू त्याने डोळ्यांनी पाहिला.

पण अलेक्सिसच्या बाजूनेही या गोष्टीकडे पाहिले पाहिजे. या प्रयोगांत त्याला त्रास होई आणि चिडही येई. १८३२ साली एक वर्षाचा करार झाला. अन्न, वस्त्र, राहायला जागा आणि दीडशे डॉलर या मोबदल्यात त्याने आपले जठर डॉक्टरच्या हवाली केले. पुढे तो कॅनडात आपल्या गावी परतला तो परतलाच. बोमाँट कितीतरी वर्षे पत्रे पाठवून बोलावत राहिला, पण तो गेला नाही. १८८० साली तो वारला, तेव्हा त्याचे जठर मिळावे म्हणून मोठ्या डॉक्टरांची खटपट सुरू झाली. घरच्या माणसांनी मुद्दाम उन्हाळ्यात देह काही दिवस तसाच ठेवला, म्हणजे कोणाला चिरफाड करता येऊ नये, आणि मग आठ फूट खोल खड्ड्यात पुरला. १९६२ साली कॅनडातल्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याच्या कबरीपाशी एक फलक लावून त्याचे ऋण मान्य केले. आज गोळी घेऊन आपली जळजळ थांबते, त्या ज्ञानात या गरीब होडीवाल्याचा वाटा आहे, हे मुलांना जरूर सांगावं, गुरुजी.

मग आम्ल जठराला का खात नाही? जठराच्या आतल्या अंगाला बुळबुळीत चिकट थर असतो. घराच्या भिंतीला गिलावा असावा तसा तो थर आम्लाला आत शिरू देत नाही, आणि अस्तर झिजले तरी भराभर नवे तयार होते. अन्ननलिकेला असा गिलावा नाही. म्हणून जठरात जे आम्ल मुकाट्याने काम करतं, तेच चार बोटं वर चढलं की छातीत आग पेटते. आम्ल तेच आहे, जागा मात्र बदलली. आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा हाच आहे.

हा मुद्दा ध्यानात यायला मात्र शंभर वर्षे गेली. आम्ल आहे असे कळल्यावर सगळे वैद्यक त्या आम्लाच्याच मागे लागले. आम्ल मारायचे तर क्षार हवा. आपल्याकडे शंखभस्म, कवडीभस्म वैद्य देतच आले होते. शंख, कवडी, अंड्याचं कवच, चुनखडी हे सगळे चुन्याचे भाईबंद. गुरुजी, अंड्याचं कवच लिंबाच्या रसात टाकून वर्गात दाखवा. त्यावर बुडबुडे येतात, कवच विरू लागतं आणि रसाचा आंबटपणा कमी होत जातो. जुन्या वैद्यांच्या भस्मामागचा हिशोब असाच आहे. १८२९ साली आयर्लंडात जेम्स मरे या डॉक्टरने तिथल्या गव्हर्नराच्या पोटदुखीवर मॅग्नेशिया पाण्यात मुरवून दिला. पुढे त्याच वळणाची पांढरी दुधाळ औषधे जगभर गेली. आपल्या घरोघर आला तो खाण्याचा सोडा.

सोड्याने क्षणभर बरं वाटतं, यात खोटं नाही. पण लिंबाच्या रसात सोडा टाकला की फेस कसा उसळतो, ते आठवा. तसाच वायू पोटात होतो. पोट फुगतं, ढेकर येते आणि त्या ढेकरेबरोबर उरलेलं आम्ल वर येतं. शिवाय सोड्यात मिठासारखाच सोडियमचा भाग असतो. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याने रोज सोडा खाणं म्हणजे विकतचं दुखणं.

असाच एक फसवा उपाय म्हणजे दूध. १९१५ साली शिकागोच्या बर्ट्रम सिपी या नामांकित डॉक्टरने जठराच्या व्रणावर एक पथ्य सांगितले : दर तासाला थोडे दूध आणि साय, आणि मधून मधून क्षाराची पूड. हे पथ्य जगभर मान्य झाले. पण पुढच्या दहा वर्षांतच डॉक्टरांना दिसू लागले, की काही रोग्यांची शुद्ध हरपते आणि मूत्रपिंडे बिघडतात. दुधातला आणि पुडीतला चुना रक्तात प्रमाणाबाहेर साठत होता. तरीही हे पथ्य कितीतरी वर्षे चालू राहिले. शेवटी १९७६ साली एक मोजणी प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले, की दूध प्यायल्यावर जठर आणखी आम्ल सोडते. साय काढलेल्या दुधानेही तेच होते. म्हणून बायांनो, जळजळलं की गार दूध प्यायची आपली रीत आहे, तिने घसा निवतो, पण तासाभराने आम्ल वाढूनही बसतं. दूध वाईट नाही, ते अन्न आहे. पण रात्री निजताना पेलाभर दूध हे जळजळीवरचं औषध समजू नये.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. आम्ल वर का चढतं?

१९३५ साली विंकेलस्टाइन या अमेरिकी डॉक्टरने सांगितले, की काही रोग्यांच्या अन्ननलिकेचा खालचा भाग सुजलेला, सोललेला दिसतो आणि याला जठरातून वर येणारा रस कारण असावा. १९५१ साली इंग्लंडात ॲलिसनने याची आणखी स्पष्ट मांडणी केली. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा एक स्नायूचा पडदा असतो, त्यातल्या भोकातून अन्ननलिका खाली उतरते. ते भोक सैल पडून जठराचा वरचा भाग छातीत सरकला, तर आम्ल वर यायला वाट मिळते. १९५६ साली बारीक नळ्या गिळवून आतला दाब मोजण्यात आला. तेव्हा कळले, की अन्ननलिकेच्या तळाशी एक आवळता स्नायू असतो. तो घास आला की सैल होतो आणि घास गेला की पुन्हा आवळतो. त्याच साली नीसन या सर्जनने जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून हे दार घट्ट करण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली.

मग १९८२ साली आणखी एक बारकावा उघड झाला. हे दार नेहमीच ढिलं असतं असं नाही. ते मधून मधून, घास गिळलेला नसतानाही, काही सेकंद आपोआप उघडतं. ढेकर येते ती याच वाटेने. जठर ताणलं गेलं की हे उघडणं वाढतं. म्हणजे गच्च जेवलं की दार जास्त वेळा उघडतं आणि आत आम्लही जास्त असतं. चरकाने आणि वाग्भटाने पोटाचा एक भाग मोकळा ठेवायला सांगितला होता, तो का, हे दाब मोजणाऱ्या नळीने असं दाखवून दिलं.

गुरुजी, हेही मुलांना सहज दाखवता येईल. एक बाटली अर्ध्याहून कमी भरा, बूच सैल ठेवा आणि टेबलावर उभी करा. एक थेंबही सांडणार नाही. मग तीच गळ्यापर्यंत भरा आणि आडवी करा. लगेच गळती सुरू. आता बूच कायम ठेवून मधोमध दाबा. पाणी उडेल. आडवं निजणं, गच्च भरणं आणि पोटावर दाब येणं, ही जळजळीची तीन कारणं मुलं जन्मात विसरणार नाहीत.

मधल्या काळात औषधांतही मोठी मजल मारली गेली. जेम्स ब्लॅक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जठराला आम्ल सोडण्याचा जो निरोप मिळतो, तोच अडवणारे सिमेटिडीन हे औषध शोधले. ते १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आले, आणि १९८८ साली ब्लॅकना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८८ सालीच स्वीडनमधून ओमेप्राझोल आले. त्याने आम्ल तयार करणारा पंपच बंद पडतो. आज ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्राझोल’ असतं, त्या बहुतेक याच घराण्यातल्या. १९८४ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल या डॉक्टरने जंतूंचं पाणी स्वतः पिऊन दाखवलं, की एका जंतूमुळे जठराला सूज येते. बरेचसे व्रण याच जंतूमुळे होतात, हे पुढे सिद्ध झालं. त्याला आणि रॉबिन वॉरनला २००५ साली नोबेल मिळाले. पण हे व्रणाचं दुखणं निराळं आणि दाराच्या ढिलाईने होणारी जळजळ निराळी. त्यांची गल्लत करू नये.

‘प्राझोल’ गोळ्या गुणकारी आहेत. ज्याच्या अन्ननलिकेला जखमा झाल्या आहेत, त्याला त्या वरदानच आहेत. पण एक ध्यानात घ्या. गोळीने वर येणाऱ्या पाण्याची आग कमी होते, दार मात्र दुरुस्त होत नाही. आणि आम्ल काही शरीराचा वैरी नव्हे. अन्नाबरोबर आणि पाण्याबरोबर आलेले पुष्कळ जंतू ते मारून टाकतं. आम्ल फार दिवस बंद ठेवलं तर जुलाबासारख्या पोटाच्या आजारांची भीती वाढते. बरेच महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर आम्ल उसळी मारतं, आणि माणसाला वाटतं, आता गोळीशिवाय आपलं चालणारच नाही. म्हणून दुकानातून आपल्या मनाने पाकिटं आणून वर्षानुवर्षं खाऊ नयेत. डॉक्टरने सांगितली तर तितके दिवसच घ्यावी. बहुधा ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, आणि सोडायची तीही विचारून.

आता इतिहासाने शिकवलेली गोष्ट रोजच्या व्यवहारात कशी आणायची, ते सांगतो. दाराची काळजी घ्यायची, म्हणजे काय करायचं?

पहिलं, एका वेळी गच्च जेवू नये. आपल्याकडे म्हणच आहे, ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’. दिवसभर उपास आणि संध्याकाळी तेला-तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी. मग रात्री छाती धरून बसायची पाळी येते. उपास करा, पण सोडताना बेताने सोडा.

दुसरं, जेवण आणि निजणं यांत दोन-तीन तासांचं अंतर असावं. शेतकऱ्याला हे अवघड आहे, मला ठाऊक आहे. दिवसभर रान, संध्याकाळी धारा, आणि वीज रात्रीची असली तर पाणी द्यायला पुन्हा मळ्यात. ज्यांना रात्री उशीर होतो, त्यांनी मोठं जेवण दुपारी करावं आणि रात्री अर्धी भाकरी कमी खावी.

तिसरं, रात्री जळजळ होत असेल तर खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करावी. नुसत्या उशा रचू नयेत. त्याने माणूस पोटात दुमडतो आणि दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर निजावं. जठराची ठेवण अशी आहे, की डाव्या कुशीवर आम्ल दाराच्या खाली राहतं.

चौथं, पोटावरचा दाब कमी करावा. वाढलेलं पोट हे या दुखण्याचं मोठं कारण आहे, आणि वजन उतरलं की पुष्कळांची जळजळ थांबते. लुगड्याची गाठ, परकराची नाडी, कमरेचा पट्टा फार आवळू नये. भरपेट न्याहारी करून लगेच वाकून लावणी-खुरपणीला बसलं की आम्ल वर येतं. न्याहारी हलकी करावी, किंवा खाल्ल्यावर थोडा वेळ उभ्याचं काम करावं. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत जळजळ होतेच. तिला थोडं थोडं आणि वरचेवर खायला द्यावं, आणि कोणतंही औषध विचारल्यावाचून देऊ नये.

पाचवं, विडी, तंबाखू आणि दारू. तंबाखूतल्या निकोटिनाने दाराचा स्नायू ढिला पडतो. विडी असो की मशेरी, त्यात निकोटीन आहेच. मुखाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचीही ती वाट आहे.

तिखट, तेलकट, चहा यांचं काय? इथे सगळ्यांना एकच माप लागू नाही. एकाला ठेचा पचतो, दुसऱ्याला रिकाम्या पोटी घेतलेला अर्धा कप चहा बाधतो. तळलेलं मात्र जठरात रेंगाळतं, म्हणून ते बहुतेकांना भोवतं. आपल्याला काय बाधतं ते पंधरा दिवस नीट पाहावं आणि तेवढंच सोडावं. उगाच सगळ्या ताटावर काट मारून अंगातली ताकद घालवू नये.

शेवटी, सगळ्यांत महत्त्वाचं. प्रत्येक जळजळ ही पित्ताची नसते. छातीत दाटून येणं, दडपल्यासारखं होणं, त्याबरोबर घाम सुटणं, दम लागणं, कळ खांद्यात, हातात किंवा जबड्यात जाणं, ही हृदयविकाराच्या झटक्याची खूण असू शकते. अशा वेळी ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पाजत बसू नये. तो अर्धा तास जिवाचा असतो. १०८ क्रमांकाला फोन लावावा आणि दवाखाना गाठावा. बायकांमध्ये आणि मधुमेहाच्या रोग्यांमध्ये तर कळ फार नसतानाही झटका येऊ शकतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावं.

तसंच घास अडकू लागला, विनाकारण वजन उतरू लागलं, उलटीत रक्त आलं किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर एक दिवसही थांबू नये. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं तर अन्ननलिकेचं अस्तर बदलतं, आणि त्यातून काही जणांना कॅन्सरही होतो. आठवड्यातून दोन-चार वेळा जळजळ होते आणि ती महिनोन्महिने चालू आहे, अशा माणसाने एकदा तरी डॉक्टरला दाखवून घ्यावं.

मंडळी, मोरावळा, कोकमाचं सार, गुलकंद ही आपली घरची चीजवस्तू आहे. ज्याला मानवते त्याने ती अवश्य खावी. पण आज रात्री जेवायला बसाल तेव्हा शेवटची भाकरी वाढून घेण्याआधी क्षणभर थांबा, आणि निजायला जाण्याआधी अंगणात चार फेऱ्या मारा. एवढं पंधरा दिवस करून पाहा.